कांचेचा सांधा

मन, मोती आणि कांच हीं एकदां भंगलीं कीं पुन्हां सांधत नाहींत, असें आपल्याकडील वडील माणसें सांगत आलीं आहेत. मन व मोती यांविषयीं आम्हांस अधिकारानें बोलतां येत नाहीं. पण कांचेशीं गेलीं दहा-बारा वर्षें आमचा जो थोडाबहुत सहवास घडला आहे, त्यावरून एवढें म्हणतां येईल कीं हें बोलणें अर्धेंच खरें आहे. कांच सांधते. मात्र ती कोणाशीं सांधेल, किती तापल्यावर सांधेल, आणि सांधल्यावर किती सावकाश निवूं दिली असतां टिकेल, याचे नियम तिचे तिनें ठरविलेले आहेत. त्यांत माणसाच्या इच्छेस, घाईस किंवा पश्चात्तापास यत्किंचितही सवलत नाहीं. आमच्या हातून फुटलेल्या एका पेल्यानें हा धडा आम्हांस दिला. त्याचीच हकीकत येथें सांगावयाची आहे.

आम्ही बेने इस्राएल. कोंकणांतील रेवदंडा हें आमचें मूळ गांव. तो मुलूख त्या वेळीं कुलाबा जिल्ह्यांत मोडत असे, आतां त्यास रायगड म्हणतात. नवगांवच्या किनाऱ्यावर गलबत फुटलें, त्यांतून सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या, आणि तेच आमच्या समाजाचे मूळपुरुष, अशी कथा आमच्यांत परंपरेनें चालत आली आहे. पुढें या लोकांनीं तेलाचे घाणे घातले. शनिवारीं, म्हणजे शब्बाथाच्या दिवशीं, ते घाणा जुंपीत नसत. म्हणून गांवकऱ्यांनीं त्यांस ‘शनिवार तेली’ हें नांव दिलें. नांवांत थोडी थट्टा असेल, पण आमच्या धर्मनिष्ठेची ती साक्षही आहे. ज्या काळीं जवळ पोथ्या नव्हत्या आणि धर्मगुरूही नव्हते, त्या काळीं पिढ्यान्‌पिढ्या जे थोडे नेम टिकले त्यांत हा घाणा बंद ठेवण्याचा नेम प्रमुख होता. १९६९ सालीं, आम्ही बारा वर्षांचे असतां, आमचें बिऱ्हाड मुंबईहून इस्राएल देशीं निघालें आणि नेगेव्हच्या वाळवंटांतील दिमोना या गांवीं येऊन स्थिरावलें.

आईच्या सामानांत जाड कांचेचे दोन पेले होते. रेवदंड्याच्या घरीं ते पितळेच्या कड्यांत बसवून तुळईस टांगलेले असत. शुक्रवारीं दिवस मावळण्यापूर्वीं आई त्यांत अर्ध्यावर पाणी भरी, पाण्यावर खोबरेल सोडी, आणि कापसाची वात लावी. तेल पाण्यावर तरंगे, वात तेलांत तेवे, आणि खालच्या पाण्यांतून उजेड हालत हालत भिंतीवर पडे. त्या हालत्या उजेडाकडे पाहत आम्हीं लहानपणीं कितीदां तरी झोंप घेतली आहे. दिमोन्यास आल्यावर खोबरेल दुर्मिळ झालें व त्याची जागा जैतुनाच्या तेलानें घेतली; तुळईही नव्हती, तेव्हां पेले कड्यांतून उतरून एका तबकांत आले. परंतु पेले तेच, हात तोच, आणि वेळही तीच.

२००६ सालीं आई गेली. दोन पेल्यांपैकीं एक थोरल्या बहिणीनें अश्दोदला नेला व दुसरा आमच्याकडे राहिला. शोकाचे सात दिवस संपल्यानंतरचा तो पहिलाच शुक्रवार. पेला आपण स्वच्छ करावा म्हणून आम्हीं तो नळाखालीं धरला. हात ओला होता कीं मन ठिकाणावर नव्हतें, तें आतां सांगून काय उपयोग? पेला मोरींत पडला आणि फुटला. तुकडे आम्हीं वेंचून बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यांत ठेवले आणि डबा कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला. ताईस कांहींच कळविलें नाहीं. पुढें दर नव्या वर्षास ती फोनवर विचारी, “पेला आहे ना रे नीट?” आणि आम्ही म्हणूं, “जपून ठेवला आहे.” यांत शब्द एकही खोटा नव्हता; खोटा होता तो अर्थ. असें सोळा वर्षें चाललें.

कापडाच्या गिरणींतील नोकरी संपल्यावर रिकाम्या हातांस कांहीं उद्योग हवा म्हणून आम्ही बीरशेबा येथें कांच वितळवून जोडण्याची कला शिकूं लागलों. आम्हांस शिकविणाऱ्या बाई अर्जेंटिनाहून आलेल्या. त्यांस मराठी येत नसे आणि आम्हांस स्पॅनिश येत नसे, परंतु हिब्रूच्या मोडक्या पुलावरून दोघांचें दळणवळण बरें चाले. त्या डब्यासाठींच आम्ही ही कला शिकलों काय, असें कोणी विचारिलें तर खरें उत्तर आम्हांस देतां येणार नाहीं. पहिलीं कित्येक वर्षें आम्हीं डबा उघडला नाहीं, एवढें मात्र खरें.

या कलेंत फुंकणीचें काम नाहीं. कांचेचे सपाट तक्ते हिरकणीच्या अगर पोलादी चाकाच्या कातरणीनें कापावयाचे, तुकडे एकावर एक मनाजोगते मांडावयाचे आणि विजेच्या भट्टींत ठेवावयाचे. भट्टींतील फळीस चिनी मातीचा व ॲल्युमिनाचा लेप द्यावा लागतो, नाहींतर कांच तिला कायमची चिकटते. ६५० अंश सेंटिग्रेडच्या पुढें गेलें कीं कांच मऊ होऊन सांच्यावर वांकूं लागते. ७५० च्या आसपास तुकडे परस्परांस धरतात, पण आपापले उंचवटे सोडीत नाहींत. ८०० अंशांवर ते एकजीव होतात. वितळलेली कांच आपण होऊन सुमारें ६ मिलिमीटर जाडी धरते. थर त्याहून पातळ असेल तर तो आंत आक्रसतो, जाड असेल तर बाहेर पसरतो. म्हणून ३ मिलिमीटरचे दोन तक्ते एकावर एक ठेवण्याचा प्रघात पडला आहे. इतकें झाल्यावर खरी परीक्षा सुरू होते ती निवण्याची. ५०० अंशांच्या अलीकडे पलीकडे, जातीपरत्वें ठरलेल्या उष्णतेवर, कांच कांहीं वेळ स्थिर ठेवून मग अगदीं हळूहळू थंड करावी लागते. बाहेरची बाजू आधीं निवाली आणि आंतली मागें राहिली तर दोहोंत ओढाताण सुरू होते, आणि ती ओढाताण पुढें केव्हां तरी तडा बनून बाहेर पडते. उतावळ्या माणसानें भट्टीचें झांकण वेळेपूर्वीं उघडूं नये, हा या धंद्यांतील पहिला उपदेश. आणि तो मोडला नाहीं असा शिकाऊ आम्हीं अद्याप पाहिला नाहीं.

याहून मोठा नियम जातीचा. प्रत्येक कांच तापली कीं फुगते व निवाली कीं आक्रसते, परंतु सर्व कांचा सारख्या मापानें आक्रसत नाहींत. अमेरिकेंतील पोर्टलंड येथें १९७४ सालीं स्थापन झालेल्या बुल्सआय या कारखान्याची कांच दर अंशास एक कोटी भागांत सुमारें ९० भाग वाढते. दुसरी एक प्रचलित जात ९६ भाग वाढते. सहा भागांचा फरक तो काय! परंतु या दोन जातींचे तुकडे एका ठिकाणीं वितळविले तर भट्टींतून ते सुरेख जुळून बाहेर येतात, आणि कांहीं तासांनीं, कांहीं दिवसांनीं, क्वचित् कांहीं महिन्यांनीं, कोणी हात न लावतां तडकतात. भट्टींत प्रेम जुळतें, संसार मात्र थंडींत करावा लागतो, असें आमच्या शिक्षिका म्हणत.

आम्ही या कलेंत आमच्या धर्मविधींचीं उपकरणें करूं लागलों. विधि शास्त्रानें बांधलेला असतो; शोभा मात्र आपल्याकडे सोंपविलेली असते. देवाचा गौरव करणें म्हणजे त्याची आज्ञा सुंदर साधनांनीं पाळणें, असा अर्थ तल्मुदांतील आचार्यांनीं लाविला आहे, आणि कारागिरांस त्याहून मोठी सनद ती कोणती हवी? परंतु शोभा करणाऱ्यानें शास्त्राची चौकट ओळखली पाहिजे. हनुक्क्याच्या दीपमाळेंत आठ दिवे एका ओळींत, एका उंचीवर असावे लागतात, आणि ज्यानें ते पेटवावयाचे तो नववा सेवक-दिवा वेगळा दिसावा लागतो. कांच लवचिक म्हणून तिच्यांत लाटा व उंचसखल टेकड्या करण्याचा मोह फार होतो. तो येथें आवरावा लागतो. शिवाय ज्योत थेट कांचेस भिडली तर कांच एके ठिकाणींच तापून फुटते, म्हणून धातूच्या लहान वाट्या बसवाव्या लागतात. गंमत अशी कीं हा सण आमच्या कोंकणांतील पूर्वजांस ठाऊकच नव्हता. इतर यहुद्यांशीं संबंध आल्यावर तो आमच्यांत आला. वल्हांडणाचा सण मात्र ठाऊक होता. आमच्या आज्या त्यास अनाशी ढाकण्याचा सण म्हणत. त्या रात्रींच्या तबकांत भाजलेलें हाडूक, अंडें, दोन तऱ्हांचा कडू पाला, हिरवी भाजी आणि खजुरासारख्या फळांची गोड चटणी अशा सहा वस्तूंची जागा करावी लागते. सहा खळग्यांचें तबक वितळलेल्या कांचेंत फार सुबक होतें. आणि कांच कांहीं शोषीत नाहीं म्हणून सेफार्दी शास्त्राप्रमाणें, जें आम्हीही पाळतों, कांचेचें भांडें नुसतें धुतलें कीं वल्हांडणास चालतें. अश्केनाझी शास्त्र याबाबत अधिक कडक आहे.

आणि मेझुझा. घरांत शिरतांना उजव्या हातास येणाऱ्या दारबाह्यीवर, वरच्या तिसऱ्या भागाच्या आरंभीं, ही लहानशी डबी लावतात. तिच्या आंत चर्मपत्राची गुंडाळी असते. अनुवाद या ग्रंथाच्या सहाव्या व अकराव्या अध्यायांतील दोन उतारे त्यावर शास्त्रशुद्ध लेखकानें हातानें, २२ ओळींत लिहिलेले असतात. एक अक्षर चुकलें तरी तें पत्र निरुपयोगी. डबी मात्र लांकडाची, पत्र्याची, चांदीची, कशाचीही चालते. आम्ही डबीवाले. तलवार दुसऱ्याची, आम्ही म्यान करणारे; आणि आपण म्यानच करतों याचें भान ज्यास राहतें त्याचें म्यान बरें होतें, असा आमचा अनुभव आहे.

आमच्या लोकांचा व कांचेचा संबंध आजकालचा नव्हे. अक्कोच्या जवळची वाळू कांचेसाठीं प्राचीन काळापासून प्रसिद्ध होती; वाळूंत दडलेल्या निधीचें जें वरदान जबुलून वंशास मिळालें तें पांढऱ्या कांचेचें, असा अर्थ आचार्यांनीं केला. ३०१ सालच्या डायोक्लेशन बादशहाच्या भावपत्रकांत यहुदा प्रांताच्या हिरवट कांचेचा भाव अलेक्झांड्रियाच्या कांचेहून कमी नोंदलेला आहे. रोमच्या भुयारी स्मशानांत चौथ्या शतकाच्या सुमाराचे असे कांचतळ सांपडले आहेत कीं ज्यांत दोन थरांमध्यें सोन्याचा वर्ख कापून बसविलेला आहे, आणि त्या वर्खांत सात शाखांची दीपमाळ व धर्मग्रंथांचें कपाट दिसतें. म्हणजे आम्ही आज जें करतों, थरावर थर ठेवून मध्यें धर्माची खूण जपणें, तें त्या अनामिक कारागिरांनीं सोळाशें वर्षांपूर्वीं करून ठेविलें आहे. आणि ज्यांस आपल्या अपयशाची लाज वाटते त्यांनीं बेथ शआरीमला जावें. तेथें १९५६ सालीं एका गुहेंतील जुनें टांकें साफ करतांना एक प्रचंड शिळा आढळली, आणि पुढें ती शिळा नसून सुमारें ९ टनांचा एकसंध कांचेचा ठोकळा आहे असें निष्पन्न झालें. मिश्रणांत चुन्याचें प्रमाण वाजवीपेक्षां अधिक झाल्यामुळें तो बिघडला, आणि कारागीर तसाच टाकून गेले. आमच्या हातून एखादें तबक बिघडलें कीं आम्ही त्या ठोकळ्याचें स्मरण करतों.

तल्मुदांत कांचेची एक गोष्ट आहे. अलीशा बेन अबूया हा मोठा पंडित धर्म सोडून गेला. लोक त्याचें नांवही घेईनात, त्यास ‘तो दुसरा’ एवढेंच म्हणत. फक्त त्याचा शिष्य रब्बी मेईर यानें त्याची संगत सोडली नाहीं. इयोबाच्या ग्रंथांत ज्ञानाची तुलना सोन्याशीं व कांचेशीं केली आहे. तिचा अर्थ गुरूनें विचारला. शिष्य म्हणाला कीं ज्ञान सोन्यासारखें मिळविण्यास कठीण आणि कांचेसारखें गमावण्यास सोपें. गुरु म्हणाला, रब्बी अकीबानें असें सांगितलें नव्हतें. सोन्याचें व कांचेचें भांडें फुटलें तरी पुन्हां घडवितां येतें, तसा पंडित चुकला तरी त्यास उपाय आहे, असें त्यानें सांगितलें. शिष्यानें लगेच म्हटलें, मग आपणही परत फिरा! परंतु गुरु फिरला नाहीं. हा दरवाजा आपल्यापुरता बंद आहे अशी त्याची समजूत होती. दुसऱ्यास सांगितलेला उपाय स्वतः घ्यावयाचा नाहीं, हा हट्ट आम्हांस फार ओळखीचा वाटतो.

२०२२ च्या वसंतांत ताईचा फोन आला. नातीचें लग्न ठरलें होतें. “मेंदीच्या रात्रीं तुझ्याकडला पेला घेऊन ये,” ती म्हणाली. “माझाही काढून ठेवतें. आईची जोडी पुन्हां एका घरांत जाऊं दे. पोरगी लावील त्यांत दिवे.” आम्ही ‘बरें’ म्हणालों आणि फोन ठेवला. त्या रात्रीं कपाटावरचा डबा सोळा वर्षांनीं खालीं आला.

खरें बोलण्याचें सोडून आम्हीं काय केलें तें सांगण्यास संकोच वाटतो. पेला पुन्हां होणें शक्य नव्हतें, हें आम्हांस कळत होतें. पण त्याचे तुकडे बसविलेलें एखादें सुंदर तबक केलें, तर त्या सौंदर्याच्या आड आपली चूक लपेल, असा आमचा बेत होता. तीन तुकडे धुऊन ते आम्हीं कारखान्याच्या स्वच्छ पारदर्शक कांचेवर मांडले व भट्टी लावली. दुसऱ्या दिवशीं जें बाहेर आलें तें पाहून आम्हांस कोण आनंद झाला! आईच्या पेल्याची हिरवट झांक त्या शुभ्र तबकांत पाचूसारखी दिसत होती. तीन दिवस आम्हीं तें येतां-जातां पाहिलें. चौथ्या रात्रीं स्वयंपाकघरांतून ‘टिच्च’ असा बारीक आवाज आला. दिवा लावून पाहिलें, तों बेटाभोंवतीं किनारा असावा तसा प्रत्येक हिरव्या तुकड्याभोंवतीं तडा गेलेला. आईच्या कांचेची जात निराळी होती. विकतच्या कांचेशीं ती नांदणार नव्हती, आणि जो नियम आम्ही नवशिक्यांस सांगत असूं तोच आम्हीं विसरलों होतों. विसरलों म्हणण्यापेक्षां, आमच्यापुरता तो लागूं नये अशी आमची इच्छा होती.

सकाळच्या गाडीनें आम्ही अश्दोदला गेलों. डबा मांडीवर होता. ताईनें चहा केला. आम्हीं डबा तिच्यापुढें ठेविला आणि झांकण काढलें. ती बराच वेळ आंत पाहत राहिली.

“केव्हां?” तिनें विचारलें.

“आई गेली त्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारीं.”

“म्हणजे सोळा वर्षें. आणि मी दर नव्या वर्षास ज्याची खुशाली विचारीत होतें, ती या डब्याची?”

यावर आम्हांस उत्तर नव्हतें. ती रागावली असती तर बरें झालें असतें. ती उठून आंत गेली व खिडकीशीं उभी राहिली. पाठमोरी ती अगदीं आईसारखी दिसते, हें आमच्या त्या दिवशीं प्रथम लक्षांत आलें. परत आली ती बोलली, “पेला फुटला याचें मला कांहीं नाहीं रे. कांच ती, फुटायचीच. पण तूं एकटाच रडलास, आणि मला रडूं दिलें नाहींस.”

मग हळूहळू बोलणें सुरू झालें. आम्हीं तिला तडकलेल्या तबकाची हकीकत सांगितली, जातीचा नियम सांगितला, या कांचेशीं हिच्याच जातीची कांच सांधेल, दुसरी नाहीं, असेंही सांगितलें. बोलतां बोलतां आम्हीं जें उच्चारलें नाहीं तें तिनें ओळखलें. तिनें फळीवरून आपला पेला आणून डब्याशेजारीं ठेविला.

“हा चालेल?”

आम्हीं हात जोडून तिला विनविलें. विनाकारण नासधूस करूं नये असा आपल्या धर्मांत दंडक आहे, असें म्हणालों. शिवाय दोन्ही पेले एकाच कारखान्याच्या एकाच भट्टींतले असावेत हा नुसता तर्क. तळाशीं शिक्का नाहीं, कांहीं नाहीं. आकार एक, रंग एक, एवढ्यावरून जात एक ठरत नाहीं. पेला मोडल्याशिवाय परीक्षा घेतां येत नाहीं, आणि परीक्षेवांचून पेला मोडणें ही मोठी जोखीम.

“लग्नांत तरी दुसरें काय असतें?” ताई म्हणाली. “मांडवांत नवऱ्या मुलानें पेला फोडायचा असतोच. बाजारचा फोडण्यापेक्षां हा फोडील. जोडी द्यायची म्हटलें होतें ना? जोडीच देऊं.”

मांडवांत पेला फोडण्याची ही चाल जुनी आहे. तल्मुदांत सांगितलें आहे कीं रबिनाचा पुत्र मार याच्या मुलाच्या लग्नांत पंडितमंडळी अति आनंदांत आली, तेव्हां त्यानें ४०० झूझ किमतीचा पेला आणून सर्वांसमोर फोडला. दुसऱ्या एका लग्नांत रब अशी यानें पांढऱ्या कांचेचा पेला फोडला. मंडळी गंभीर झाली. पुढें या चालीस यरुशलेमच्या मंदिराच्या नाशाचें स्मरण हा अर्थ आला. आनंदाच्या भर शिखरावर मोडक्या वस्तूची आठवण ठेवावी, हें तिचें तात्पर्य.

लग्नाच्या दिवशीं ताईचा पेला जाड रुमालांत बांधून नवऱ्या मुलाच्या पायाशीं ठेविला. जुनी कांच ती. पहिल्या टांचेस फुटलीच नाहीं. मंडळींत हंशा पिकला. दुसऱ्या टांचेस ती फुटली, आणि एकच जयघोष झाला. त्या गलबल्यांत आमची नजर ताईकडे गेली. ती हंसत होती आणि पदरानें डोळे पुसत होती. रुमालाची गांठ सुटूं न देतां तिनें तो आमच्या हातीं दिला.

दिमोन्यास परत येतांच आम्हीं दोन्ही पेल्यांचा एकेक बोटभर तुकडा घेतला, ते एकमेकांवर टेकवून वितळविले आणि विधिपूर्वक निववले. प्रकाशाच्या लहरींस एकाच दिशेनें जाऊं देणाऱ्या दोन पापुद्र्यांमध्यें असा तुकडा धरून उजेडाकडे पाहिलें तर आंतली ओढाताण सांध्याभोंवतीं उजळ वलय होऊन दिसते. वलय दिसलें तर दोन जाती. अंधार राहिला तर एक. आम्हीं तो तुकडा डोळ्यांशीं धरला तेव्हां हात कांपत होता. अंधारच होता. उजेड न दिसल्याचा एवढा आनंद आयुष्यांत आम्हांस दुसऱ्या कधीं झाला नाहीं.

उरलेले तुकडे धुवावयाचे राहिले होते. तेलाचा अंश राहिला तर कांचेंत डाग पडतो, हें माहीत असूनही हात पुढें होईना. डब्यांतील तुकड्यांच्या आंतल्या अंगास अजून एक पिवळट चिकट थर होता; आईच्या हातच्या शेवटच्या शुक्रवारचें तें तेल. शेवटीं तें धुतलें. जें टिकवावयाचें त्यासाठीं कांहीं सोडावें लागतें. एवढें सांगून हा विषय आम्ही येथेंच थांबवितों.

कांचेच्या वजनाच्या मानानें तीन डब्या होण्यासारख्या होत्या. दोन्ही पेल्यांचे तुकडे कुटून, मिसळून, प्रत्येकीची एकेक पट्टी ८३० अंशांवर एकजीव केली. मग ती पुन्हां भट्टींत घालून अर्ध्या नळीसारख्या पोलादी सांच्यावर वांकविली. पहिल्या पट्टीच्या वेळीं आम्हीं उष्णता वाजवीपेक्षां जास्त वेळ धरून ठेविली. पेल्यांची कांच अशा वेळीं स्फटिक होऊं पाहते, आणि तिच्या अंगावर दुधासारखा पांढुरका थर येतो. तसाच तो आला. दुसऱ्या दोन चांगल्या उतरल्या. त्यांवर देवाच्या ‘शद्दाय’ या नांवाचें आद्याक्षर ‘शिन’ आम्हीं पेल्यांच्या कांठांच्या तीन बारीक शिरांनीं मांडलें होतें. कांठ अधिक हिरवे. पण तेवढ्या फरकानें तें अक्षर, दाखविल्याशिवाय, सहसा कोणास दिसत नाहीं. आंत बारीक बुडबुडे पुष्कळ राहिले. कुटलेल्या कांचेंत ते राहतातच.

नातीच्या नव्या घराच्या दारावर पहिली डबी लागली तेव्हां आम्ही दोघेंही हजर होतों. चर्मपत्र शास्त्रशुद्ध लेखकाकडून आणून आंत ठेविलें होतें. नवऱ्या मुलानें आशीर्वाद म्हणून ती बसविली. ताईनें बोटें डबीस टेकविलीं, ओठांस लाविलीं, आणि मग जवळ जाऊन बराच वेळ पाहून विचारलें, “यांतला तुझा कोणता आणि माझा कोणता?”

“तें आतां मलाही सांगतां येणार नाहीं, ताई.”

“बरें झालें,” ती म्हणाली.

दुसरी डबी अश्दोदला ताईच्या दारावर आहे. पांढुरकी बिघडलेली डबी आम्हीं आमच्या दारावर लाविली. येणारे-जाणारे कारागीर स्नेही तिच्याकडे पाहून, एवढीं वर्षें काम करून दारावर हेंच कां, असें विचारतात. आम्ही त्यांस बेथ शआरीमच्या ठोकळ्याची गोष्ट सांगतों. बिस्किटांच्या डब्यांत आतां गुंड्या व सुया-दोरा आहे. आणि दर नव्या वर्षास ताईचा फोन येतो तेव्हां ती पेल्याविषयीं विचारीत नाहीं. आमच्याविषयीं विचारते, आणि आम्ही तिला खरें तेंच सांगतों.